आबांचा कोपऱ्यातला उंट

परवा रात्री शहापूरहून भाचीचा फोन आला. ती आठवीत आहे. सध्या तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेची तयारी जोरात चालू आहे. आवाज रडवेला.

"मामा, किंग्ज इंडियन खेळले आणि पंधरा खेळ्यांत गुदमरून मेले. समोरच्याची प्यादी नुसती अंगावर येत होती. असला कसला बचाव? आणि याला इंडियन का म्हणतात रे? आपण असे मार खातो म्हणून?"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर तो शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण ही अशी टर मी स्वतः पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी उडवली होती. कोणाची, ते पुढे येईलच. आधी बुद्धिबळ न खेळणाऱ्या मंडळींसाठी (आमच्या घरात अशीच माणसं जास्त आहेत, काकू, मला माहीत आहे :-)) हा बचाव म्हणजे काय ते सांगतो.

बुद्धिबळाच्या पटात मधली चार घरं सगळ्यात मोलाची. तिथून घोडा आठ दिशांना उडी घेतो, उंट दोन्हीकडे लांबवर बघतो. म्हणून शेकडो वर्षं शहाण्या माणसांनी एकच सांगितलं, की मधली जागा आधी प्याद्यांनी धरा. गोऱ्याने तिथे प्यादं टाकलं तर काळ्यानेही लगेच समोर प्यादं टाकून त्याला अडवावं. किंग्ज इंडियन खेळणारा हे करतच नाही. तो राजाकडचा घोडा बाहेर काढतो. घोड्यापुढचं प्यादं फक्त एक घर सरकवतो आणि त्या भोकात आपला उंट बसवतो. मग किल्लेकोट करून, म्हणजे कॅसलिंग करून, राजा उंटाच्या मागे नेऊन ठेवतो. तोवर समोरचा दोन, तीन, कधी कधी चार प्यादी छाती काढून पुढे आणतो. बघणाऱ्याला वाटतं, काळा घाबरला, कोपऱ्यात दडून बसला.

पण कोपऱ्यातला उंट पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरका रोखून बघत असतो. मधली प्यादी पुढे आली, की त्यांना राखायचं कामही आलं. मग काळा एक धक्का देतो, बहुतेक वेळा राजापुढच्या प्याद्याने. आणि तिथून हा संथ वाटणारा डाव एकदम पेटतो. बुद्धिबळातल्या सगळ्यात धारदार बचावांत याची गणना होते ती यामुळे. यात बरोबरी कमी, एकतर तू नाहीतर मी.

गोऱ्याने कोणती वाट धरली त्यावरून याचे प्रकार पडतात. चार प्यादी एका रांगेत पुढे आणली तर 'चार प्याद्यांचा हल्ला'. राजाकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवून मधल्या प्याद्याला पक्का टेकू दिला तर 'सेमिश'. गोऱ्यानेही आपला उंट असाच कोपऱ्यात बसवला तर डाव जरा थंड होतो. आणि सगळ्यात नाट्यमय प्रकार म्हणजे १९५३ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता गावच्या स्पर्धेवरून नाव पडलेला. त्यात मधली प्यादी एकमेकांना भिडून गच्च बसतात. मग गोरा वजिराच्या बाजूने घुसतो आणि काळा राजाच्या बाजूने. दोघंही एकमेकांकडे न बघता धावत सुटतात! गोरा प्यादी जिंकत असतो, काळा थेट राजावर चाललेला असतो. एक खेळी उशीर झाली की संपलं.

याचा सख्खा भाऊ म्हणजे ग्रुनफेल्ड बचाव. सुरुवात तशीच, घोडा आणि एक घर सरकलेलं प्यादं. पण तिसऱ्या खेळीला काळा वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकून सरळ विचारतो, मारतोस का? गोरा मारतो आणि मध्ये प्याद्यांची मोठी भिंत उभी करतो. काळा मग कोपऱ्यातल्या उंटाने आणि बाजूच्या प्याद्याने त्या भिंतीचा पाया उकरत बसतो.

भाचीला हे एवढं मी सांगू शकलो. 'इंडियन का' हे मात्र नीट सांगता आलं नाही. म्हणून दोन-तीन रात्री बसून पूर्वी विखुरलेलं वाचलेलं पुन्हा सलग वाचून काढलं. ते इथे मांडतो.

गोष्ट कलकत्त्याची आहे. जॉन कोक्रेन नावाचा एक स्कॉटिश बॅरिस्टर १८२४ पासून तिथे वकिली करत होता. नुसता हौशी नव्हे, जबरदस्त खेळाडू. १८४१ ते ४३ या काळात तो लंडनला गेला होता तेव्हा इंग्लंडचा नामांकित खेळाडू स्टाँटन याच्याशी त्याचे भरपूर डाव झाले. परत आल्यावर कलकत्त्यात त्याला जोडीचा माणूस मिळेना. १८४८ च्या सुमारास क्लबातल्या एकाच्या कानावर आलं, की मुफसलात एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे कधीच हरलेला नाही. मुफसल म्हणजे शहराबाहेरचा मुलूख. सरकारी कागदांत हा शब्द आपल्याकडेही असायचा. मुंबईवाल्यांच्या हिशोबाने आमचं शहापूर-मुरबाड मुफसलच. क्लबातल्या त्या गृहस्थाने एका मित्राला खेळून बघायला पाठवलं. तो मित्र चकित होऊन परतला. मग त्या ब्राह्मणाला कलकत्त्याला बोलावून घेतलं. त्याचं नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजी कागदांत त्याचं मोहेशचंदर बॅनर्जी झालं.

तोवर महेशचंद्र आपल्या देशी नियमांनी खेळत आलेला. विलायती नियम, किल्लेकोट वगैरे त्याला नवीन होतं. तरी तो कोक्रेनला पुरून उरणारा एकमेव माणूस ठरला. क्लबाने त्याला पैसे देऊन ठेवून घेतलं. पुढची दहा-बारा वर्षं दोघांचे शेकडो डाव झाले आणि त्यांतले पुष्कळ कोक्रेनने लिहून ठेवले. तेच डाव विलायतेच्या मासिकांत आणि पुस्तकांत गेले. 'इंडियन डिफेन्स' हा शब्द छापलेला पहिल्यांदा सापडतो तो १८८४ साली, आणि तो महेशचंद्राच्या या खेळण्यावरूनच पडलेला आहे.

म्हणजे भाचीबाई, आपण मार खातो म्हणून नव्हे. पण थांबा. लगेच कॉलर ताठ करू नका, कारण पुढची हकिगत मजेशीर आहे.

मे १८५५ मधला एक डाव आहे. कोक्रेनकडे गोरी सोंगटी. तिसऱ्या खेळीला महेशचंद्राने वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं आणि आज ज्याला ग्रुनफेल्ड म्हणतात तो बचाव पटावर आला. ग्रुनफेल्ड हा व्हिएन्नाचा माणूस. त्याने हा बचाव नाव कमावण्याजोगा खेळला तो १९२२ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनंतर. त्याच साली त्याने अलेखिनला या बचावाने हरवलं. मग १८५५ च्या डावात महेशचंद्राचं काय झालं? तो हरला! सतराव्या खेळीला कोक्रेनचा घोडा राजाच्या अंगणात शिरला, अठराव्याला त्याने राजालगतचं प्यादं खाल्लं आणि पुढे तीन खेळ्यांत मात. तीही कशी, तर वजिराचा बळी देऊन, स्वतःच्याच हत्ती-उंट-प्याद्यात कोंडलेल्या राजाला घोड्याने मारलेली मात.

दुसरा एक डाव आहे. त्यात कोक्रेनने चारही प्यादी पुढे आणली, म्हणजे आजच्या भाषेत किंग्ज इंडियनमधला 'चार प्याद्यांचा हल्ला'. भाची ज्यात गुदमरली तोच. महेशचंद्राने आधी किल्लेकोट करून घेतला, उंटाने गोऱ्याचा घोडा बांधून ठेवला आणि मग राजापुढच्या प्याद्याने मध्ये धक्का दिला. गोऱ्याने प्यादं पुढे रेटल्यावर याने सरळ घोडा देऊन मधलं प्यादं खाल्लं! पुढे जी मारामारी झाली त्यात दोघांचे वजीर गेले आणि याचं एक प्यादं घुसत घुसत गोऱ्याच्या दुसऱ्या रांगेत पोचलं. शेवटी कोक्रेनने डाव सोडला. तो घोड्याचा बळी बिनचूक होता असं नव्हे, पुढच्या लोकांनी त्यावर शंका घेतली आहे. पण धाक बघा. साहेबाचं आख्खं पायदळ अंगावर येत असताना हा माणूस मोहरं टाकून त्यातच घुसतो.

आता आपण मराठी माणसं. असं काही वाचलं की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो गनिमी कावा. शत्रूला पुढे येऊ द्या, पसरू द्या आणि मग खिंडीत गाठा. मीही मनात हेच म्हणालो. एक-दोन ठिकाणी असं लिहिलेलंही वाचलं. ऐकायला छान वाटतं. पण मला ते आता पटत नाही. महेशचंद्र काही युद्धशास्त्राचा सिद्धांत मांडायला बसला नव्हता. तो आपल्या सवयीने खेळत होता आणि ती सवय आली होती देशी बुद्धिबळाच्या नियमांतून.

ते नियम प्रांतोप्रांती थोडे वेगळे होते, पण मुख्य गोष्टी सारख्या. पहिली, प्यादं पहिल्या खेळीलाही साधारणपणे एकच घर जाणार. दुसरी, किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला शह लागण्याआधी एकदाच घोड्याची उडी घेता येते. तिसरी, प्यादं शेवटच्या घरी पोचलं की ते ज्या मोहऱ्याचं घर असेल ते मोहरं बनतं, हवा तो वजीर नाही.

आता पट मांडून बघा. प्यादं एक-एक घरच चालणार म्हटल्यावर तिसऱ्या-चौथ्या खेळीला मध्ये टक्कर होणारच नाही. दोन्ही फौजा बराच वेळ आपापल्या हद्दीत राहतात. मग करायचं काय? फौज नीट लावायची. उंटाला लांबची तिरकी वाट मिळावी म्हणून घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं आणि उंट त्याच्या मागे बसवायचा. राजाला उडी मारून कोपऱ्याकडे जायचं तरी तेच घर आधी मोकळं करावं लागतं. म्हणजे विलायती पुस्तकाने ज्याला इटालियन नाव देऊन फियांकेटो म्हटलं, ती आपल्याकडे कोणाची युक्ती नव्हतीच. घराला ओटी असावी तसं ते होतं. हे माझ्या मनचं नाही. फिलिप सार्जंट नावाच्या इंग्रज लेखकाने १९३४ मध्येच लिहून ठेवलं आहे, की ही कोपऱ्यातल्या उंटाची मांडणी महेशचंद्र आणि इतर हिंदी खेळाडूंना त्यांच्या मूळ खेळाकडून वारशाने मिळाली आणि युरोपने ती त्यांच्याकडून उचलली.

मग हा संथ वारसा धारदार कसा झाला? मला वाटतं, नियम बदलल्यामुळे. महेशचंद्राने सवय देशी ठेवली, पण समोरचा आता दोन-दोन घरं झेपावत होता. देशी खेळात ज्या मांडणीला वीस खेळ्यांची उसंत मिळाली असती तिला आता सहा-सात खेळ्या मिळायच्या. त्यात ती मांडायची आणि वर टिकायचं तर योग्य क्षणी धक्का द्यायलाच हवा. एक खेळी आधी दिला तर फुकट जातो, एक खेळी उशिरा दिला तर गुदमरून मरण. ती धार त्या एका खेळीत आहे. संथपणा एका खेळातून आला, घाई दुसऱ्यातून, आणि दोन्ही एका पटावर भेटले ते कलकत्त्यात.

इथे मला आबा आठवले.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, किन्हवलीहून सरळगावला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात राहायचे. भातशेती, चार गुरं आणि पावसाळ्यात लावणी उरकली की ओटीवर बुद्धिबळ. कापडाचा शिवलेला पट आणि म्हशाच्या जत्रेतून आणलेली लाकडी सोंगटी. त्यातला एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी सुपारी. दोन-तीन म्हातारे यायचे, विडी ओढत बसायचे. एक डाव दुपारी लागला तर दिवेलागणीपर्यंत चाले. प्यादी एक-एक घर. राजाला घोड्याची एक उडी.

मी शिकायला शहापुरात आत्याकडे होतो. १९८८ साल. विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला ते वर्ष. पेपरात त्याचा फोटो आला आणि आमच्या शाळेत एकदम बुद्धिबळाचं वारं शिरलं. मी आंतरराष्ट्रीय नियम शिकलो, एक पुस्तक मिळवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत एसटीने गावी जाऊन आबांसमोर छाती काढून बसलो.

"आबा, तुमचे नियम चुकीचे आहेत. जगात असं कोणी खेळत नाही."

आबा म्हणाले, "बरं. तुझ्या जगाच्या नियमानं खेळू."

पहिले तीन-चार डाव मी जिंकलो. प्यादं दोन घरं जाऊ शकतं हेच त्यांच्या लक्षात राहायचं नाही. दोन घरं उडी मारलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारायचं, हा नियम तर त्यांना लबाडी वाटली. (अजून पुष्कळांना वाटते.) मग त्यांनी एक करायला सुरुवात केली. घोड्यापुढचं प्यादं एक घर. उंट मागे कोपऱ्यात. राजा किल्ल्यात. आणि बसून राहायचे. मी प्यादी पुढे आणायचो आणि हसायचो.

"आबा, हा घाबरटांचा खेळ झाला. पुस्तकात लिहिलंय, मधली जागा आधी धरायची."

"आरं, धर की तू. पेरलं म्हंजी लगेच कापता येतं का? राखावं बी लागतं."

त्यानंतरचे डाव मी हरू लागलो. सगळे नाही, पण पुष्कळ. आणि हरलो की म्हणायचो, पुस्तकाप्रमाणे तुमची खेळी चूक होती, तुम्ही नशिबाने जिंकलात. हे इतक्या वेळा म्हणालो, की पुढच्या सुट्टीत पट काढला तेव्हा आबा म्हणाले, "तू खेळ, मी बघतो." त्यानंतर ते माझ्याशी खेळले नाहीत. रागावले वगैरे नव्हते. चहा प्यायले, गोठ्यात गेले. १९९६ मध्ये ते गेले. सोंगटी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. ताई, तुझ्याकडे असली तर सांग.

माझ्या त्या पुस्तकात किंग्ज इंडियनचं प्रकरण होतं, बरं का. शेवटी शेवटी होतं, तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो. आबा मला जे दाखवत होते ते पुढच्या पानांवर छापलेलं होतं आणि मी पहिल्या पानांच्या जोरावर त्यांना चूक ठरवत होतो.

हे नियम बदलणं काही आमच्याच ओटीवर झालं नाही. मुंबईत १८१४ साली एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातून भाषांतरित केलेलं, बुद्धिबळातल्या अवघड स्थितींचं. त्याच्या नावातच म्हटलं आहे, की हे युरोपीय खेळण्याच्या पद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. म्हणजे महेशचंद्राच्या तीस-पस्तीस वर्षं आधी आपल्या मुंबईत एक शास्त्रीबुवा साहेबाच्या नियमात आपला खेळ बसवून देत होते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं दोन्ही खेळ शेजारी शेजारी नांदले. पंजाबातला मीर सुलतान खान लहानपणी वडिलांकडून देशी खेळ शिकला, १९२६ च्या सुमारास विलायती नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. मधेच हेस्टिंग्जला कॅपाब्लांकालाही हरवलं. कोपऱ्यातल्या उंटाची त्यालाही आवड होती. त्याला ग्रँडमास्टर हा मान मिळाला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर. तो गेला १९६६ मध्ये. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचं विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे यांनी वेंकय्यांबरोबर विभागून घेतलं. तिथून पुढे देशी नियम ओटीवरच राहिले आणि ओटीवरच्या म्हाताऱ्यांबरोबर संपले.

तिकडे युरोपात मात्र त्या सवयीचं शास्त्र झालं. १९२० च्या दशकात रेती, निम्झोविच, ग्रुनफेल्ड अशी तरुण मंडळी म्हणू लागली, की मधली जागा प्याद्यांनी धरायलाच हवी असं नाही, लांबून रोखून धरली तरी चालते. तरी किंग्ज इंडियनला जाणते लोक बरीच वर्षं नाक मुरडत होते, की यात काळा फार दबतो. मग सोव्हिएत युक्रेनमधल्या ब्रॉनस्टीन, बोलेस्लाव्हस्की यांनी तो खणून काढला. १९४६ मध्ये प्रागमध्ये ब्रॉनस्टीनने काळ्या सोंगट्यांनी झिटाला आणि पाखमनला असं हरवलं, की सगळे पुन्हा पट मांडून बसले. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जिंकलेला प्रसिद्ध डाव ग्रुनफेल्डचा. कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध जगज्जेतेपदासाठी १९८६ मध्ये ग्रुनफेल्ड वापरला, १९९० मध्ये किंग्ज इंडियन. आणि याच कास्पारोव्हने १९९० च्या दशकाच्या शेवटी, क्रामनिकने वजिराच्या बाजूने प्यादं लवकर रेटायची वाट दाखवून हरवल्यावर, किंग्ज इंडियन खेळणं सोडलं. धार दोन्हीकडून असते.

आणि एक योगायोग सांगतो. २०१० मध्ये सोफियाला आनंद विरुद्ध टोपालोव्ह ही जगज्जेतेपदाची लढत झाली. पहिल्याच डावात आनंदने काळ्याकडून ग्रुनफेल्ड खेळला. तयारी पाठ होती, पण पटावर खेळ्यांचा क्रम चुकला. टोपालोव्हने राजाजवळ घोडा देऊन घुसून तीस खेळ्यांत डाव संपवला. १८५५ चा कलकत्त्याचा डाव आठवला ना? तोच बचाव, तसाच राजाच्या अंगणात शिरलेला घोडा, तशीच हार. आनंदने त्याच लढतीत दहाव्या डावात पुन्हा ग्रुनफेल्ड खेळून बरोबरी केली आणि शेवटचा डाव काळ्याकडूनच जिंकून जगज्जेतेपद राखलं.

महेशचंद्रही हरल्यावर थांबला नाही, पुन्हा पुन्हा तसाच खेळत राहिला. म्हणूनच त्या मांडणीला इंडियन नाव पडलं. एखादाच डाव जिंकून कोणी आपल्या देशाचं नाव मागे ठेवत नाही. आणि अजून एक गोष्ट. हे नाव राहिलं त्यात कोक्रेनचा वाटा मोठा आहे. ज्या डावात तो स्वतः हरला तेही त्याने लिहून ठेवले. मोठं मन लागतं त्याला. आमच्या ओटीवर आबांसमोर खेळणारा, वहीत चाली लिहिता येणारा एकच माणूस होता. त्याने फक्त आपण जिंकलेले डाव वहीत लिहिले. ती वही माझ्याकडे अजून आहे. अकरा डाव आहेत. आबा जिंकलेला एकही नाही.

गेल्या रविवारी शहापूरला गेलो. आसनगावला उतरलो, रिक्षाने घरी. भाचीला म्हटलं, आधी एक डाव आबांच्या नियमांनी खेळू, मग तुझा किंग्ज इंडियन बघू. प्यादी एक-एक घर, किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची उडी. तिला काहीही सांगितलं नाही की काय कर. पाच-सहा खेळ्या इकडे तिकडे चाचपडली. "मामा, यात घाईच करता येत नाही," म्हणाली. मग थोडा वेळ बघत बसली, घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि उंट मागे कोपऱ्यात नेऊन ठेवला.

मी काहीच बोललो नाही. पेन काढून खेळी लिहून घेतली.

तो डाव ती जिंकली. वहीत बारावा लिहिला आहे. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, निकाल कळवीनच. असो.